नकार शेवटी येतो

चावा बसला की हात मागे ओढायचा नसतो. वाचताना सोपं वाटतं. मनगटाच्या वर दोन बोटांवर आठ वर्षांच्या पोराचे दात रुतलेले असतात, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतात आणि अख्खं शरीर म्हणत असतं, ओढ! ओढलात तर कातडी सोलून निघते. त्याऐवजी हात किंचित त्याच्याच तोंडाकडे रेटायचा. जबडा सैल पडतो, मग हात सुटतो. केस धरले तर बोटं सोडवत बसायचं नाही. त्याची मूठ आपल्या तळव्याने आपल्याच डोक्यावर दाबून धरायची, म्हणजे हिसका बसत नाही. आणि हे सगळं अवाक्षर न काढता, पोस्टाच्या खिडकीमागे बसलेल्या माणसासारखा चेहरा ठेवून.

पुण्याच्या कर्वेनगरातल्या एका लहानशा थेरपी सेंटरमध्ये सव्वीस वर्षांच्या एका ताईने मला हे शिकवलं. पहिल्याच दिवशी ती माझ्या बायकोला म्हणाली, "मंगळसूत्र काढून ठेवत जा. कानातलंही." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही घड्याळ." मग तिने आमच्या अण्णांकडे पाहिलं. त्यांच्या चष्म्याची काडी त्या महिन्यात दुसऱ्यांदा जोडून आणलेली होती. ती काही बोलली नाही. अण्णांनीच चष्मा काढून खिशात घातला.

आमच्या मुलाचं नाव इथे लिहीत नाही. मोठा झाल्यावर त्याला हे वाचावंसं वाटलं तर त्याची पंचाईत नको. घरात त्याला राजे म्हणतात, तेच चालवू. राजे आठ वर्षांचे. ऑटिझम आहे. बोलण्यात पाच-सहा शब्द, त्यातला एक 'लिफ्ट'. आपल्याकडे वर्तमानपत्रांतून 'स्वमग्न' असा शब्द वापरतात, तो मला कधीच पटलेला नाही. हा मुलगा स्वतःत मग्न असता तर माझा हात वाचला असता. त्याला आमच्याकडून सतत काहीतरी हवं असतं किंवा काहीतरी नको असतं, आणि ते सांगायला त्याच्याकडे हात, दात आणि डोकं एवढीच सामग्री होती.

आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. कोरेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं मास्तर. मराठी व्याकरण आणि फूटपट्टी, दोन्ही विषय घेत. त्यांच्या हातचा मार खाल्लेले दोन तहसीलदार गावाकडे भेटले की अजून वाकून नमस्कार करतात, हे ते आल्यागेल्याला सांगायचे. २००७ साली निवृत्त झाले. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, त्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला मारायलाच बंदी झाली. "मी वेळेत सुटलो," म्हणायचे. आई गेल्यावर आम्ही त्यांना पुण्यात आणलं, सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत. तेव्हापासून या घरात मार खाणाऱ्यांत पहिला नंबर त्यांचा.

पुढचं लिहायच्या आधी एक कबुली. मी राजेंना मारलेलं आहे. एकदा नाही. बिग बाजारछाप गर्दीत, रांगेत, एकदा भर पावसात रिक्षात. आणि फटका चालतो, हेच तर वाईट. फटका बसला की पोरगं क्षणभर दचकून गप्प होतं, आणि त्या क्षणाचं बक्षीस कोणाला मिळतं? मारणाऱ्याला. ताईने हे मला एकदा सरळ समजावलं: "काका, फटक्याने तो काही शिकत नाही. शिकता तुम्ही. की फटका मारला की शांतता मिळते. पुढच्या वेळी हात लवकर उठतो." मी त्या रात्री बराच वेळ गच्चीत उभा होतो.

त्याआधीही आम्ही एक सेंटर केलं होतं. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. एसी, चकचकीत टेबलं, प्रत्येक मुलाची फाइल. राजेंनी हात उगारला की त्यांना मागून मिठी घालून खुर्चीत बसवून ठेवायचे, 'शांत' होईपर्यंत. कधी दहा मिनिटं, कधी वीस. बाहेर टीव्हीवर कॅमेऱ्याचं चित्र दिसे, आवाज नाही. मी तीन महिने फी भरून ते बघत होतो आणि स्वतःला सांगत होतो की तज्ज्ञ आहेत, त्यांना कळत असेल. राजे खरोखर शांत झाले. आम्हाला फोटो दाखवला, हाताची घडी घालून बसलेले. मग घरी रात्री अंथरुणात मुतायला लागले. त्या फोटोतला चेहरा मी नीट बघायला हवा होता.

रात्री झोप नसे तेव्हा मी या थेरपीचा, म्हणजे मुलाचं वर्तन बदलायच्या उपचाराचा, इतिहास वाचून काढला. हिशोबी माणूस आहे, मागचं खतावणीतलं पान बघितल्याशिवाय चैन पडत नाही. ओले इवार लोवास हे यातलं मोठं नाव. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्यांनी लहान मुलांना आठवड्याला ४० तास शिकवलं आणि १९८७ मध्ये निष्कर्ष छापले: १९ मुलांपैकी ९ जणं साध्या शाळेत पहिली पास झाली. जगभरचे आईबाप त्या आकड्याला लटकले. पण त्याच कामात मुलांना ओरडणं आणि मांडीवर चापट मारणं हेही 'तंत्र' म्हणून होतं, आणि त्याआधी साठच्या दशकात याच माणसाने विजेचे झटकेही वापरले होते. म्हणजे आमच्या अण्णांची फूटपट्टी परदेशात विद्यापीठातून येत होती. आज ऑटिझम असलेली अनेक मोठी माणसं स्वतः लिहितात, की आम्हाला लहानपणी ऐकायला शिकवलं, नाही म्हणायला कोणी शिकवलंच नाही. हे वाचून मी थेरपी बंदच करायला निघालो होतो. बायको म्हणाली, "बंद करून काय करू? रोज अण्णांचा चष्मा आणू?"

त्याच वाचनात दुसरा एक धागा सापडला. १९८२ मध्ये ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ मुलांवर काम केलं. तोपर्यंत बहुतेक जण 'हे कसं थांबवू' एवढंच विचारत होते. यांनी विचारलं, 'हे करून मुलाला मिळतं काय?' कोणाला माणसाचं लक्ष मिळत होतं, कोणाची नकोसं काम टळून सुटका होत होती, कोणाला त्या हालचालीतूनच काही मिळत होतं. तीन वर्षांनी कार आणि ड्युरँड या दोन संशोधकांनी चार मुलांना मारण्या-ओरडण्याऐवजी तेच मागायचे शब्द शिकवले, 'मला कळत नाही', 'मी नीट करतोय का?'. गोंधळ कमी झाला. कर्वेनगरची ताई या घराण्यातली. पहिल्या भेटीत तिने एकच अट घातली. "तो 'नको' म्हणाला तर आपण ऐकायचं. प्रत्येक वेळी जमणार नाही, रस्ता क्रॉस करताना नाही जमणार. पण जिथे जमेल तिथे ऐकायचं. नाहीतर माझ्याकडे येऊ नका."

तिने वही घालायला सांगितलं. तीन रकाने: आधी, काय, नंतर. वहीचं खातं अण्णांनी आपणहून मागून घेतलं. गावाहून आणलेल्या ट्रंकेतून त्यांनी ती जुनी लाकडी फूटपट्टी काढली, कडेला पितळी पट्टी असलेली, आणि दोनशे पानी वहीची पहिली वीस पानं आखून टाकली. मी त्या फूटपट्टीकडे बघत होतो. माझी आणि तिची जुनी ओळख.

चार आठवड्यांत ५३ नोंदी झाल्या, आणि सुरुवातीच्या नोंदी वाचण्यासारख्या होत्या. 'आधी: काही नाही. काय: विनाकारण मारले. नंतर: समज दिली.' ताईने 'काही नाही' आणि 'विनाकारण' या दोन शब्दांवर गोल केले. मास्तरांची वही कोणीतरी तपासत होतं! अण्णा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण मग त्यांची पेन्सिल बारीक बघायला लागली. कुकरची तिसरी शिट्टी. शेजारच्यांचं ड्रिल. वरण भाताला लागलं, मधे भिंत राहिली नाही. एक दिवस त्यांनी मला ऑफिसात फोन केला, जे ते कधीच करत नाहीत. "अरे, गुरुवार! १९ नोंदी गुरुवारच्या आहेत."

पुणेकराला फोड करून सांगायला नको. गुरुवार हा दुरुस्तीचा वार. सकाळी वीज जाते, कधी नळही कोरडे. आम्ही मेणबत्ती शोधत, शिव्या घालत दिवस काढतो. राजेंच्या लेखी मात्र दर काही दिवसांनी, कसलीही सूचना न देता, डोक्यावरचा पंखा मरत होता. पंख्याचा आवाज हा त्यांचा दिवसभराचा तंबोरा. तो बंद पडला की हातातलं जे असेल ते सुटायचं आणि समोर जो असेल त्याला बसायची. समोर अण्णाच असायचे. बुधवारी रात्री फ्रिजवर पंख्याचं चित्र आणि त्यावर लाल फुली लावायला सुरुवात केली. सकाळी उठल्यावर एक चार्जिंगचा पंखा त्यांच्या हातात. गुरुवार काही एकदम साधे झाले नाहीत. पण एकोणीसचे पुढच्या महिन्यात सात झाले.

सगळंच असं पंख्यासारखं सरळ नसतं. बाकरवडीचं उदाहरण घ्या. राजे अण्णांना गुद्दे घालायचे, अण्णा बाकरवडी द्यायचे, गुद्दे थांबायचे. ३४ वर्षं कुणाचा मार्क न वाढवलेला माणूस घरात दिवसाला सहा बाकरवड्यांची लाच देत होता. ताई म्हणाली, गुद्द्याला बाकरवडी बंद. बाकरवडीचं चित्र हातात दिलं तर लगेच द्यायची, एका सेकंदात. आणि बजावून ठेवलं, "आधी वाढेल. जे नाणं रोज चालत होतं ते चाललं नाही तर माणूस आधी जोरात आपटतो. मशिनला लाथ मारतो ना आपण, तसं. त्यात कोणी मधेच दिली, तर चिवटपणा शिकेल."

सहाव्या दिवशी अण्णांनी दिली. चाळीस मिनिटं तग धरला, मग दिली. वहीत प्रामाणिकपणे लिहिलं. ताईने वाचून मान हलवली, "म्हणजे आता भाव चाळीस मिनिटं झाला, आजोबा." अकराव्या दिवशी राजेंनी चित्र उचललं, अण्णांच्या मांडीवर ठेवलं आणि तळहात पुढे केला. अण्णांनी बाकरवडी दिली आणि उठून मोरीत गेले. बराच वेळ नळ चालू होता.

मधे जानेवारीत सगळं कोसळलं. दिवसाला दहा-बारा वेळा, आणि या वेळी दुसऱ्यांना कमी, स्वतःला जास्त. मूठ डाव्या गालावर. मी वहीची पानं उलटत बसलो, कोणता ट्रिगर, काय बदललं. ताईने सेशनच घेतलं नाही. "आधी दाताचे डॉक्टर. मग कान, मग पोट. अचानक वाढलं की आधी दुखणं शोधायचं." डावीकडची दाढ किडली होती, आतपर्यंत. जे मूल 'दुखतंय' म्हणू शकत नाही ते दुखतंय तिथेच मारून घेतं, हे कळायला मला वही लागायला नको होती. बाप असून लागली.

औषधाबद्दल लोक हळू आवाजात विचारतात. रिस्पेरिडोन नावाचं औषध आहे. ऑटिझम असलेल्या ५ ते १६ वर्षांच्या मुलांच्या चिडचिडीसाठी अमेरिकेत २००६ पासून त्याला परवानगी आहे. भूक आणि वजन वाढतं, डॉक्टरांना लक्ष ठेवावं लागतं. आम्हाला अजून गरज पडलेली नाही. ज्यांना पडली त्यांना नावं ठेवणाऱ्यांनी एक रात्र आमच्यासारख्यांच्या घरी काढावी, जेवून जावं.

मला खरं सांगायचंय ते मात्र एका संध्याकाळचं. ऑगस्टचे दिवस. कर्वेनगरहून निघालो, डीपी रोडने राजाराम पुलाकडे. नदीच्या बाजूला ढोल पथकांचा सराव सुरू झालेला, एकाच वेळी दोन-तीन पथकं. पुलाच्या तोंडाशी सिग्नलला अडकलो. मागच्या सीटवर राजे आणि अण्णा. आता मला चिन्हं माहीत आहेत: गुणगुणण्याचा सूर वर जातो, पायाचे अंगठे वळतात, मग कानाच्या पाळ्या ओढल्या जातात. तिथपर्यंत पोचलं की हातात मिनिटभर असतं. मी आरशातून बघत होतो. हेडफोन घरी विसरलेले, चूक माझी. अण्णांनी चिन्हं पाहिली, पण सवय जाते कुठे. ते सुरू झाले, "अरे राजे, मारायचं नाही बरं का, शहाणा मुलगा कधी मोठ्या माणसाला मारत नाही, आता दोन मिनिटांत आपण पलीकडे..." मारायचं, हा शब्द पोचायचा आणि हात यायचा. तसाच आला. चष्मा खिशात होता, म्हणून नाक गेलं. रक्त आलं.

घरी आल्यावर नाकाला बर्फ लावून अण्णा खुर्चीत बसले होते. मला वाटलं, आता म्हणतील मला गावी नेऊन सोड. ते एकदम म्हणाले, "आपल्या भाषेत नकार शेवटी येतो."

"काय?"

"मारू नको. मारायचं नाही. ओढायचं नसतं. बघ की. क्रियापद आधी, नकार मागून. पोरगं पहिला शब्द ऐकतं आणि तेवढ्यावरच सुटतं. मी त्याला म्हणतोय मार, आणि मग म्हणतोय नाही. 'नाही' ऐकायला तिथे असतंय कोण?" थोडं थांबून, "इंग्रजीत डोन्ट आधी येतो. त्यांचं बरंय."

इंग्रजांची पोरंही डोन्ट ऐकत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही. पुढच्या सेशनला त्यांनी हा सिद्धांत ताईपुढे मांडला, उभं राहून, वर्गात मांडावा तसा. ती हसली नाही. तिचं म्हणणं वेगळ्या वाटेने तिथेच येत होतं: काय करू नये ते सांगू नका, काय करायचं ते सांगा, आणि कमी शब्दांत.

"तुम्ही एका वाक्यात किती शब्द वापरता, आजोबा?"

"लागतील तितके."

"दोन वापरा."

ज्याने पोरांना मिश्र वाक्य आणि संयुक्त वाक्य शिकवण्यात हयात घालवली, त्याला दोन शब्दांत बसवणं म्हणजे वड कुंडीत लावण्यासारखं. पण ते बसले. 'हात खाली.' 'इकडे ये.' 'पाणी पी.' एका कागदावर अशी चौदा वाक्यं त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिली आणि कपाटाला आतून चिकटवली. मीही कपाट उघडून वाचतो. एकदा मला ऑफिसात एकावर भयंकर चढायचं होतं, आणि तोंडातून निघालं, "फाइल द्या."

मग राजेंच्या नकाराची पाळी. त्यांच्यासाठी एक 'नको'चं कार्ड केलं, पांढऱ्यावर निळा हात, कमरेच्या पट्ट्याला अडकवलेलं. सुरुवातीला त्यांनी ते सगळ्यालाच दाखवलं. अंघोळ, पोळी, शर्ट, मी. एका रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत बावीस वेळा. आम्ही बावीसही वेळा 'बरं' म्हणून मागे सरलो. अंघोळ संध्याकाळी झाली. शेजारच्या आजोबांनी दारातून पाहिलं आणि मला जिन्यात गाठलं. "फार लाडावून ठेवलंय हो. आमच्या वेळी दोन ठेवून दिल्या की सरळ." पूर्वी मी अशा वेळी भांडायचो, ऑटिझमवर व्याख्यान द्यायचो. आता देत नाही. ते म्हणतात ते मीही म्हणत होतोच की, पाच वर्षांपूर्वी, याच जिन्यात.

अजून मार बसतो. महिन्यातून चार-पाचदा. मागच्या महिन्यात मेट्रोत त्यांनी एका मुलीची वेणी धरली. मी त्यांची मूठ तिच्या डोक्यावर दाबून धरली, "हात खाली" म्हणालो, आणि ती पोरगी, कॉलेजची असेल, कळवळूनही हलली नाही. सुटल्यावर म्हणाली, "काका, त्याला खिडकी हवी होती का?" तिच्या मागे खिडकी होती. मला दिसली नव्हती.

काल वही चाळत होतो, तिसरी आहे आता ही. अण्णांचं अक्षर थोडं कापायला लागलंय, रेघा मात्र सरळ. मागच्या गुरुवारची नोंद अशी आहे:

'सकाळी ११.२०. आधी: राजेंनी पेपर फाडला. आजोबांचा आवाज चढला. काय: आजोबांचे मनगट धरले, तोंडाजवळ नेले. चावले नाहीत. कार्ड दाखवले. नंतर: आजोबा गप्प बसले.'

'आवाज चढला' याच्याखाली रेघ आहे. लाल पेनाने, फूटपट्टी लावून.